लिफ्टमधलं संगीत

माझा भाऊ आणि माझा नवरा यांच्यात जमीन, पैसा किंवा आईच्या दागिन्यांवरून कधी वाद झाला नाही. आमच्या आळीत तसले वाद बहुतेक घरांत आहेत आणि ते कोर्टात सन्मानाने वर्षानुवर्षं चालतात. आमच्याकडचा वाद मात्र कुठलंही कोर्ट दाखल करून घेणार नाही. नव्वदच्या दशकातला सर्वश्रेष्ठ रॉक अल्बम कोणता, हा तो वाद. माझ्याच लग्नाच्या पंगतीत तो सुरू झाला, आणि पंगत उठली तरी हे दोघे हात वाळवत बसून होते.

माझा भाऊ रूपेश. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात त्याच्या बोटी आहेत. तरुणपणी तो वडिलांबरोबर समुद्रावर जायचा, तेव्हा जहाजावर नोकरी करणाऱ्या आमच्या एका चुलतभावाने त्याला ‘कॉपर मंकी’ नावाच्या बँडची कॅसेट आणून दिली. अल्बमचं नाव ‘डीझल हिम्स’. बोटीच्या इंजिनावर मात करून ऐकू येणारी ही जगातली एकमेव वस्तू आहे, असं दादाचं म्हणणं. ते खरं असावं. मी ती ऐकली आहे. इंजिन बरं.

माझा नवरा विनीत मुंबईचा, जाहिरात कंपनीतला. त्याचा देव ‘द पेल ट्यूझडेज’ आणि त्यांचा ‘वॉलपेपर फॉर अ फायर’. त्यातला गायक गातो कमी आणि पश्चात्ताप जास्त करतो. विनीतने मुदतीआधी निवृत्ती घेतली, आम्ही रत्नागिरीला आलो, मी मारुती मंदिराजवळ औषधांचं दुकान टाकलं. त्याने येताना आपल्या रेकॉर्ड्स आणल्या आणि त्यांना इथली हवा सोसत नाही म्हणून त्यांच्या खोलीत ओल शोषणारं यंत्र बसवलं. घरातल्या माणसांना बुरशी आली तर चालते.

गेल्या वर्षी दादाचं अपेंडिक्स काढलं. विनीत त्याला भेटायला मोसंबी घेऊन गेला आणि थोड्याच वेळात नर्सने त्याला मोसंब्यांसकट बाहेर काढलं. पेशंटचा रक्तदाब चढला होता. “कॉपर मंकीच्या ड्रमरला ताल नाही, एवढंच मी म्हटलं,” विनीत मला म्हणाला. “ते मी त्याला आजारी नसतानाही सांगतोच. आज लपवलं असतं तर त्याला वाटलं असतं, काहीतरी गंभीर आहे.”

तर असे हे दोघे. आणि दादाच्या मुलीचं, रुचिराचं, लग्न ठरायची वेळ आली.

रुचिरा दापोलीला कृषी विद्यापीठात शिकली. तिथेच तिला सोहम भेटला. मुलगा चांगला, कलमांची रोपवाटिका चालवतो. त्याचे वडील रघुनाथराव विद्यापीठातच कीटकशास्त्र शिकवायचे. आंब्यावरच्या तुडतुड्यांबद्दल त्यांना जे माहीत नाही ते तुडतुड्यांनाही माहीत नाही, असं रुचिरा सांगायची. घराणं मूळचं आतल्या गावातलं, शेतकरी. आमचं दर्यावरचं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडून झाली होती आणि आता ती सरळ व्हायला लागली होती. मुलाकडच्यांनी बोलणी करायला रत्नागिरीला यायचं ठरलं.

आदल्या दिवशी गुणवंतीवहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, दोघांना समोर उभं केलं.

“उद्या गाण्याचा विषय काढायचा नाय,” ती म्हणाली. “भावोजी, तुम्हांला पण सांगते.”

“वहिनी, आम्ही काय लहान मुलं आहोत?” विनीत म्हणाला.

“लहान मुलांना गोळी देऊन गप्प करता येतं,” वहिनी म्हणाली. “शपथ घ्या.”

दादाने इंजिनाची शपथ घेतली, विनीतने रेकॉर्ड्सची. रुचिराची शपथ घ्यावी असं दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही. तिथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

रघुनाथराव आले, बरोबर त्यांची बायको दमयंतीताई आणि सोहम. रघुनाथराव उंच, सावळे, फारसे न बोलणारे. काही विचारलं की आधी थांबायचे, मग उत्तर द्यायचे. पाणी हवं का, या प्रश्नालाही त्यांनी थोडा विचार केला. जेवणात सुरमई होती, कोळंबीचं कालवण होतं, सोलकढी होती. सगळे नीट जेवले. दादा आणि विनीत हवामान, डिझेलचे भाव आणि रस्त्याचं काम या विषयांवर इतके शहाण्यासारखे बोलत होते की मला अभिमान वाटला. वहिनी तारखांचा विषय काढायच्या बेताने बडीशेपेची वाटी घेऊन बाहेर आली, आणि तेवढ्यात रघुनाथरावांचा फोन वाजला.

फोनच्या घंटीत एक गिटार होती. मऊ, गुळगुळीत, लोण्यातून सुरी फिरावी तशी. दादाने मान वर केली. विनीतनेही केली. शिकारी कुत्र्यांचे कान उभे राहतात तसं काहीतरी मला त्या दोन पन्नाशी उलटलेल्या माणसांत दिसलं.

रघुनाथरावांनी फोन बंद केला. दादाने अगदी सौम्य आवाजात विचारलं, “मेलो अव्हेन्यू काय हो?”

रघुनाथरावांचा चेहरा उजळला. दिवसभरात पहिल्यांदाच. “तुम्ही ओळखलंत? ‘ऑलवेज नोव्हेंबर’. पहिलंच गाणं.” मग ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, “माझ्या मते नव्वदच्या दशकातला सर्वश्रेष्ठ रॉक अल्बम.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी विनीतकडे पाहिलं. विनीत दादाकडे पाहत होता, आणि दादा विनीतकडे. इतक्या वर्षांत मी त्या दोघांना एकमेकांकडे एवढ्या प्रेमाने पाहताना पाहिलं नव्हतं.

मग दोघे हसले. साधं हसले असते तर निभावलं असतं. दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. “रघुनाथराव,” तो म्हणाला, “ही कॅसेट आमच्या बोटीवर लावली ना, तर जाळ्यातली मासळी झोपून जाईल. नुसती उचलून घ्यायची.”

“रॉक?” विनीत म्हणाला. “हे लिफ्टमधलं संगीत आहे हो. चौथा मजला येईपर्यंत वाजवायचं.”

“बरोबर बोललात भावोजी,” दादा म्हणाला. मी घड्याळ पाहायला हवं होतं. हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं.

रघुनाथराव हसले नाहीत. त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. “निघायला हवं,” ते म्हणाले. “जयगडची फेरीबोट चुकेल.” दमयंतीताई गोंधळल्या, सोहमने रुचिराकडे पाहिलं, आणि बघता बघता गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. बडीशेपेची वाटी तशीच भरलेली होती.

त्यानंतर दापोलीहून काही कळलं नाही. फोन नाही, निरोप नाही. सोहम रुचिराशी बोलायचा, पण वडिलांबद्दल विचारलं की एवढंच सांगायचा, की बाबा खोलीचं दार लावून बसतात आणि आतून मोठ्याने गाणी ऐकू येतात. आई हाक मारते तर म्हणतात, नंतर.

“दुखावलाय माणूस,” वहिनी म्हणाली. तिने त्या दिवसापासून घरात मासळी शिजवणं बंद केलं. दादाच्या बोटी येत होत्या, बंदरावर लिलाव होत होते, आणि ज्याच्या नावाने सुरमई विकली जात होती तो घरी दुधी भोपळा खात होता. विनीतला वाटलं, आपण वेगळ्या घरात राहतो. मी दुसऱ्या दिवसापासून पडवळ केलं.

दोघांनी आधी दोष वाटून घेतला. म्हणजे एकमेकांना दिला. सुरुवात मासळीच्या विनोदाने झाली, असं विनीतचं मत. मासळीचा विनोद गंमत होती, लिफ्टचा अपमान होता, असं दादाचं. यावर ते बंदरापासून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत भांडले, आणि मला वाटतं, दोघांनाही त्यात थोडं बरं वाटलं.

मग एका संध्याकाळी रुचिरा बापासमोर येऊन बसली. ही पोर आवाज चढवत नाही. “बाबा, तुम्ही त्या अल्बमला हसलात असं तुम्हांला वाटतंय,” ती म्हणाली. “तुम्ही सोहमच्या बाबांना हसलात. कुणी न विचारता त्यांनी स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितली. मी चार वर्षं त्यांना ओळखते, मला त्यांनी अशी एकही सांगितलेली नाही.”

दादा उठून जेटीवर गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसला. मी बोलवायला गेले तेव्हा म्हणाला, “शमे, आपले बाबा ती कॅसेट बंद करायला सांगायचे नाय कधी. त्यांना ती अजिबात आवडायची नाय. पण मी लावली की सुकाणू धरून गप बसायचे.” नाक ओढून तो उठला. “कधी जायचं दापोलीला?”

विनीतला तयार करणं कठीण गेलं. माफी मागायला त्याची हरकत नव्हती. माफी मागताना अल्बम चांगला आहे असं म्हणावं लागेल, याला हरकत होती. वहिनीने आमच्याकडे येऊन तालीमच घेतली.

“म्हणा, अल्बम छान हाय,” ती म्हणाली.

दादाने खोल श्वास घेतला. “अल्बम… बरा हाय.”

“छान.”

“छान हाय,” दादा म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

“भावोजी, आता तुम्ही.”

विनीतने भिंतीकडे तोंड केलं. “मी म्हणू शकतो की त्याचं कव्हर लक्षवेधी आहे,” तो म्हणाला. “फोटोग्राफी म्हणून.”

“पोरीचं लग्न मोडतंय,” मी म्हटलं.

“शमिका, मी आयुष्यभर जाहिराती लिहिल्या. साबणाबद्दल खोटं बोललो, बिस्किटांबद्दल बोललो. एकाच गोष्टीबद्दल कधी बोललो नाही. तेवढी तरी राहू दे.”

त्याचा चेहरा इतका गंभीर होता की मला हसू आलं, आणि मग आलं नाही. मुंबई सोडल्यापासून या माणसाला फोन करणारं कोणी उरलं नव्हतं. रोज सकाळी भांडायला येणारा माझा भाऊ सोडून. शेवटी ठरलं की दादाने अल्बमची स्तुती करायची आणि विनीतने मान हलवायची. मान कुठल्या दिशेने, हेही वहिनीने दाखवलं.

रविवारी आम्ही चौघं निघालो. दादाने थर्माकोलच्या पेटीत बर्फावर पापलेटं घेतली होती, माफीला वजन यावं म्हणून. जयगडला फेरी, पलीकडे तवसाळ, मग हेदवी. हेदवीला वहिनीने गाडी थांबवायला लावली आणि दशभुजा गणपतीसमोर डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. काय मागितलं ते तिने सांगितलं नाही. देवाला दहा हात आहेत, त्यातले दोन या दोघांच्या तोंडांवर ठेवायला फारसं अवघड नव्हतं.

दापोलीत रघुनाथरावांचं घर कलमांच्या बागेत आहे. दमयंतीताईंनी दार उघडलं आणि आम्हांला पाहून त्यांच्या जिवात जीव आल्यासारखं झालं. “या, या,” त्या म्हणाल्या आणि आत वळून हाक मारली, “अहो, रत्नागिरीची मंडळी आलीत.”

आतलं गाणं थांबलं. रघुनाथराव बाहेर आले. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. दादा हात जोडून उभा राहिला. पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. “रघुनाथराव, त्या दिवशी आमचं चुकलं. तुमच्या आवडीला आम्ही हसायला नको होतं. अल्बम छान हाय.”

विनीतने मान हलवली. दिशा बरोबर होती.

रघुनाथरावांनी विचार केला. “छान आहे?” ते म्हणाले. “त्या दिवशी तर तुम्ही म्हणालात, मासळी झोपेल.”

“ती गंमत होती.”

“गंमत नव्हती. मुद्दा होता.” त्यांनी खुर्च्यांकडे हात केला. “बसा. तुम्ही माफी कसली मागता? मी तिथे गप्प राहिलो, कारण मला उत्तर सुचेना. मला पटकन बोलता येत नाही. घरी येऊन पुन्हा ऐकला. एकदा नव्हे. मग म्हटलं, समोरच्यांची बाजू न ऐकता बोलणं बरोबर नाही. रुचिराने सोहमला कधीतरी तुमचे दोन अल्बम सांगितले होते. तेही ऐकले. रोज ऐकतोय.” त्यांनी विनीतकडे पाहिलं. “लिफ्टमधलं संगीत म्हणालात. लिफ्टमधलं संगीत माणसाचं लक्ष जाऊ नये म्हणून असतं, बरोबर? मग तुमचं लक्ष एवढं कसं गेलं?”

विनीतने सवयीने पुन्हा मान हलवली.

“आणि दापोलीत लिफ्ट किती आहेत? मी तो अल्बम ऐकला तो प्रयोगशाळेत, तुडतुडे मोजताना. तेव्हापासून आजपर्यंत या गावात त्यावर माझ्याशी कोणी एक शब्द बोललेलं नाही. वाईट आहे, असंसुद्धा कोणी म्हटलं नाही.” त्यांनी पुन्हा थोडा विचार केला. “तुम्ही पहिले. आता तुमच्या पेल ट्यूझडेजबद्दल. गायकाला नक्की झालंय काय? डॉक्टरकडे नेला होता का?”

दादा खो खो हसला.

“आणि कॉपर मंकी,” रघुनाथराव त्याच्याकडे वळले, “यांची सगळी गाणी एकच गाणं आहे. मी वर्गीकरण करणारा माणूस आहे. वेगळी जात म्हणायला काहीतरी वेगळं लक्षण लागतं. पाय तरी, पंख तरी.”

दादाचं हसणं तिथेच थांबलं. त्याने खुर्ची पुढे ओढली. विनीतनेही ओढली. वहिनीने पापलेटांची पेटी उचलली आणि आम्ही बायका स्वयंपाकघरात गेलो, कारण बाहेर आता आमचं काही काम नव्हतं.

आत दमयंतीताई ओट्याशी टेकून उभ्या राहिल्या. “तुम्ही आलात ते बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हांला स्थळ पसंत नाही. आम्ही असे उठून आलो. मुलीकडचे फोन करतील म्हणून वाट बघत होते.”

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. “आम्हांला वाटलं, तुम्ही रागावलात.”

“कोण, हे? ह्यांना राग यायला आधी आठवडाभर विचार करावा लागतो.” त्यांनी बाहेर कान दिला. तिथे तीन आवाज एकाच वेळी चालले होते आणि त्यांतला एक त्यांच्या नवऱ्याचा होता. “मला वाटलं, काही आजार झाला. इतकं बोललेले मी पाहिलेच नव्हते. चाळीस वर्षं जेवायला वाढलं तर ‘हं’ म्हणतात.”

आम्ही पापलेटं साफ करायला घेतली. ती साफ होईपर्यंत साखरपुड्याची तारीख ठरली, लग्नाचा महिना ठरला, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना काय सांगायचं ते ठरलं. वहिनीने डोळ्याला पदर लावला आणि कांदा नसताना कांद्याला नाव ठेवलं. मग आम्ही तिघी तारीख सांगायला बाहेर आलो.

‘ऑलवेज नोव्हेंबर’चं कुठलंसं गाणं लागलं होतं. तिघेही डोळे मिटून बसले होते, दोघे दोष शोधायला आणि एक वाट बघायला.

“तारीख ठरली,” वहिनी म्हणाली.

दादाने डोळे न उघडता हात वर केला. “थांब गं. आता गिटारचा सोलो येतोय.”

वहिनी थांबली नाही. ती भिंतीपाशी गेली आणि तिने बटण बंद केलं. शांततेत तिने तारीख सांगितली, महिना सांगितला, मुलीचं नाव रुचिरा आणि मुलाचं सोहम असल्याचंही सांगितलं, आठवण असावी म्हणून. तिघांनी शाळेतल्यासारख्या माना हलवल्या. तिने बटण पुन्हा लावलं.

परतताना वहिनीने रुचिराला फोन लावला आणि तो माझ्याकडे, मग बापाकडे असा फिरला. दादा तिच्याशी बोलताना दोनदा खाकरला. “मी नाय काय केलं, रघुनाथरावांनीच केलं,” एवढंच म्हणाला. पलीकडून ती काय बोलली ते आम्हांला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर हेदवीपर्यंत त्याने गाडी फार हळू चालवली.

तवसाळला गाड्या फेरीवर चढल्या. सूर्य खाली आला होता, खाडीचं पाणी संथ होतं. आम्ही कठड्याशी उभे होतो. दादा पाण्याकडे बघत म्हणाला, “भावोजी, एक सांगू? ते पाचवं गाणं तसं वाईट नाय.”

विनीतने त्याच्याकडे पाहिलं. “कुठलं पाचवं?”

“मेलो अव्हेन्यूचं. सुरुवातीला पाऊस पडतो ते.”

विनीत वळला आणि फेरीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. पण फेरी ती केवढी. एक टेम्पो, चार गाड्या आणि काही मोटरसायकली. तो टेम्पोला वळसा घालून दुसऱ्या बाजूने पुन्हा आमच्यापाशीच आला, दादाच्या शेजारी कठड्यावर कोपर टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “पाऊस स्टुडिओत बनवलेला आहे. खरा नाही. तिथून सुरू करू.”